मराठी पुस्तकं धरायची का?

दादाने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचला आणि डोकंच फिरलं. ‘नेदरलँड्समध्ये पंधरा वर्षांच्या तीन पोरांमागं एकाला धड वाचता येत नाही. आणि आपल्याकडचे तज्ज्ञ तिकडचे गोडवे गायलेत. आपल्या लातूरची लेकरं शंभरात शंभर आणायलेत.’ पुढे टाळ्या, तिरंगा. दहा मिनिटांत खाली वहिनींचं उत्तर: ‘तिथली मुलं जगात सगळ्यात आनंदी आहेत, युनिसेफ सांगतंय. आपल्या पोरांच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघा आधी.’ नवरा-बायको एकाच घरात, बहुधा एकाच सोफ्यावर, आणि भांडण ग्रुपवर. मग दोघांनीही मलाच टॅग केलं. ‘आता तू सांग. तू तिकडंच आहेस.’

मला राग येतो तो याचाच. आइंडहोव्हनला येऊन अकरा वर्षं झाली, तरी घरच्यांच्या लेखी मी इथली कायमची साक्षीदार. तिकडं रस्ते कसे, तिकडं ट्राम वेळेवर येते का (आइंडहोव्हनला ट्राम नाही, हे सांगणं मी सोडून दिलंय), आणि आता तिकडची पोरं वाचतात का.

दादा अकरावी-बारावीच्या फिजिक्सचे क्लास घेतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. म्हणजे त्याच्यासमोर बसतात ती चाळणीतून आलेली पोरं, आणि वहिनींसमोर गावात असतील तेवढी सगळी. भांडण खरं तिथलं आहे. नेदरलँड्स आपलं हाताशी सापडलं म्हणून.

तरी मी उत्तर द्यायला बसले, कारण दोघांचेही आकडे खोटे नव्हते. दादाचा आकडा ‘पिसा’चा. ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना २०२५ पर्यंत साधारण दर तीन वर्षांनी पंधरा वर्षांच्या मुलांची घेत आली ती परीक्षा. २०२२ ची फेरी करोनामुळे वर्षभर उशिरा झाली; ८१ देश आणि प्रदेश, ६ लाख ९० हजार मुलं. वाचनात नेदरलँड्सला ४५९. ओईसीडीची सरासरी ४७६. आणि २०१८ मध्ये इथलाच आकडा होता ४८५. घसरण खरी आहे आणि इथे त्यावर भरपूर डोकेफोडही झाली. २०२४ च्या १ जानेवारीपासून माध्यमिक शाळांच्या वर्गांत मोबाइल बंद झाले, तेव्हा आमच्या लेकीने आठवडाभर सुतक पाळलं.

पण ‘वाचता येत नाही’ म्हणजे अक्षरओळख नाही असं नव्हे. मध्यम लांबीचा मजकूर वाचून त्यातला मुद्दा शोधता येणं, ही पिसाची दुसरी पातळी. तिच्याखाली राहिलेली ती एक-तृतीयांश मुलं. शिवाय नेदरलँड्सच्या नावापुढे त्या अहवालात चांदणी आहे, कारण नमुन्याच्या अटी पूर्ण झाल्या नव्हत्या, जपून वाचा म्हणून. व्हॉट्सअॅपवर चांदणी येत नाही. आणि दादाने गणित गाळलं: नेदरलँड्स ४९३, सरासरी ४७२. फिजिक्सच्या मास्तरने गणित गाळावं! मी लगेच तो आकडा टाकला. गणितही २०१८ च्या ५१९ वरून घसरलंय, हे मात्र मी टाकलं नाही. शेवटी आम्ही एकाच आईची लेकरं.

मग मी त्याला विचारलं, तू तुलना कशाशी करतोस? २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना १०० टक्के, त्यातले ११३ लातूर विभागाचे. मान्य, कौतुक आहे, खेळाचे आणि चित्रकलेचे वाढीव गुण धरून का होईना. पण तो निकाल आपण छापलेल्या पुस्तकावर आपणच काढलेल्या प्रश्नांचा. पिसाच्या फूटपट्टीखाली भारत एकदाच उभा राहिला. २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, आणि ७४ जणांत ७२ वे आणि ७३ वे आले. वाचनात तामिळनाडूला ३३७, हिमाचलला ३१७. त्यावर आपण म्हटलं की प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नव्हते, आणि बाहेर पडलो. नाचता येईना अंगण वाकडं. पुढे २०१९ मध्ये चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं घेऊन पुन्हा उतरायचं ठरलं, करोना आला, आणि २०२२ च्या यादीत भारत नव्हता. ज्यांनी अंगणात पायच ठेवला नाही त्यांनी दुसऱ्याच्या चुकलेल्या गिरकीला टाळ्या वाजवायच्या, हे काही बरं नव्हे. असं मी लिहिलं. वाक्य मला फार आवडलं होतं.

दादाने एवढंच लिहिलं: ‘अंगण वाकडं असतं बी कधी कधी.’

यावर गप्प बसले, कारण मला औसा तालुक्यातलं एक अंगण आठवलं. २००६ साल, मी कॉलेजला. ‘प्रथम’ संस्थेच्या असर पाहणीसाठी आम्हा पोरापोरींना गावं वाटून दिली होती. मुंबईच्या वस्त्यांत उभी राहिलेली ही संस्था, आणि तिची ही पाहणी साधी पण नामी: शाळेत जायचंच नाही. सुट्टीच्या दिवशी घरी जायचं, घरात असतील ती पोरं समोर बसवायची आणि एक कागद पुढे करायचा. वर अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोरगं कुठवर पोचतं ते लिहायचं. बस.

पाचवीतला एक मुलगा होता. कागद बघून गोंधळला आणि पळत जाऊन स्वतःचं मराठीचं पुस्तक घेऊन आला. उघडून धडाधड वाचायला लागला, एकही चूक नाही. मी त्याला म्हटलं, वाचतोस त्या शब्दावर बोट ठेव. बोट भलत्याच ओळीवर होतं. पाठ होतं सगळं. माझ्या कागदावरचे शब्द कसेबसे झाले, परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीला तो थांबला. ओसरीवरून आजी म्हणाली, ‘चांगलं वाचतंय की पोरगं. लिव्हा तुमी.’ चारपाच बाया गोळा झालेल्या, पोराचा कान लालबुंद.

मी ‘शब्द’ लिहायला हवं होतं. ‘परिच्छेद’ लिहिलं.

माझ्या एका खुणेने देशाचा आकडा हलत नाही, हे तेव्हाही कळत होतं. २०२४ च्या असरमध्ये जवळपास १८ हजार गावांतली साडेसहा लाख मुलं आहेत. ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.७ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते, असं ते सांगतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. कदाचित पिसाहून जास्तच, कारण तो प्रश्न आपल्या मातीतला आहे आणि तरीही उत्तर कडू आहे. दादाला हाच आकडा पाठवायला हवा होता. पण वहिनींच्या शाळेतली मुलं त्यात येतात आणि दादाच्या क्लासमधली येत नाहीत. मग मार कुणाला बसला असता?

वहिनींचा आकडा मला जास्त सोयीचा, म्हणून त्याच्याकडे मी उशिरा वळले. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात नेदरलँड्स पहिलं, २०२५ च्या अहवालात पुन्हा पहिलं. फक्त ते ‘जगात’ नाही, श्रीमंत देशांच्या यादीत. भारत त्यात नाहीच. २०२० च्या अहवालात आयुष्याबद्दल समाधानी असलेली पंधरा वर्षांची मुलं इथे ९० टक्के, तुर्कस्तानात ५३. हा आकडा निघतो पिसाच्याच वहीतून. मुलांना विचारतात, शून्य ते दहा, तुझं आयुष्य कितीवर आहे?

आता यातली गंमत सांगते. जपान-कोरियाच्या मुलांना गणित उत्तम येतं आणि तीच मुलं स्वतःला गणितात कच्ची समजतात. स्वतःला किती मार्क द्यायचे हे प्रत्येक देश आपापल्या घरात शिकवतो. इथे सहा म्हणजे पास, आणि पास म्हणजे झालंच की. शाळेचा शेवट सहाने झाला तरी घरावर झेंडा लागतो आणि काठीला दप्तर लटकतं. समोरच्या घरावर मागच्या जूनमध्ये लटकलं होतं, आठवडाभर पावसात भिजलं. आमच्या घरी साडेनऊशे ग्रॅमला किलो म्हणायची पद्धत नव्हती. ९२ टक्के घेऊन गेले तेव्हा अप्पांनी पेढे आणायच्या आधी विचारलं होतं, आठ कुठं गेले?

लेक इथल्या सातव्या गटात, म्हणजे आपल्या पाचवीत असताना शाळेची वार्षिक प्रश्नावली भरून आली. वर्गात सुरक्षित वाटतं का, मित्र आहेत का, तसलं सगळं. दहा मिनिटांच्या भेटीत यूफने, म्हणजे बाईंनी, आलेख दाखवला, सुंदर हिरवा. मी सुखावले. सायकलवरून परत येताना लेकीला म्हटलं, सगळीकडे आठ दिलेस, छान. ती म्हणाली, ‘आई, सहा दिलं की यूफ बोलायला बोलावते. आठ दिलं की खेळायला जाता येतं.’

हे मी वहिनींना सांगितलं नाही. त्यांची बाजू पडली असती, आणि त्यांची बाजू खरी आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण सांगितलं अभ्यास, परीक्षा, निकाल. हे लिहून मी पुढचं टाइप केलं: २०२२ मध्ये महाराष्ट्रात १,७६४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, देशात सगळ्यात जास्त. बोट ‘पाठवा’वर होतं. मग आठवलं, दादाच्या जुन्या बॅचमधला एक मुलगा. दादा त्यानंतर दोन महिने क्लासला गेला नव्हता, फळा पुसायलाही नाही. मी ते खोडलं. आकड्याला धार असते हे ठीक, पण ती आपल्याच माणसावर चालवून बघायची नाही.

आता माझी बाजू. लेकीला आठव्या गटात, प्राथमिकच्या शेवटी, शाळेने हावो सांगितलं, म्हणजे माध्यमिकची मधली वाट. लातूरला मी ते नीट सांगितलंच नाही. ‘चांगल्या शाळेत मिळालं’ एवढंच. वर्गातल्या तिच्या दोन मैत्रिणींना व्हीएमबीओ, म्हणजे त्याखालची व्यवसायशिक्षणाची वाट मिळाली, त्यांच्या आयांनी केक आणला. मी मेंटरला तीन मेल केले, तिसऱ्यात टक्केवारी मागितली. त्याने शांतपणे उत्तर दिलं की तुमची मुलगी इथे आनंदात आहे. मला ते उत्तर वाटलंच नाही. माझ्या मनात सरळ आलं: आनंदात आहे, ते कळलं, मार्क किती?

आणि गणितात ५.४ आले तेव्हा मी कुणाला फोन लावला असेल? दादाला. गेली दीड वर्षं दर रविवारी, इथल्या अकरा वाजता, तो लेकीला व्हिडिओवर शिकवतो. ज्या पद्धतीला मी ग्रुपवर घाणा म्हणते, त्याच घाण्याचं तेल मी दर आठवड्याला नेदरलँड्सला मागवते. आता ६.८ आहेत. लेक खूश आहे. मी नाही, पण मी तसं दाखवत नाही. मीसुद्धा आठ देते.

गेल्या वर्षी तिची शाळा पिसाच्या नमुन्यात निवडली गेली. घरी आल्यावर मी विचारलं, अवघड होतं का? परीक्षेचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. त्यात एकेका मुलाला मार्क मिळतच नाहीत; प्रत्येकाला प्रश्नांचा वेगळा तुकडा देतात आणि हिशोब सगळ्या देशाचा करतात. तिच्या लक्षात राहिली होती ती नंतरची प्रश्नावली. आई-वडील कुठे जन्मले. घरी बहुतेक वेळ कोणती भाषा बोलता. घरात पुस्तकं किती.

‘भाषा काय लिहिलीस?’

‘डच. एकच निवडायची होती. मी आणि भाऊ डचच बोलतो ना.’

‘आणि पुस्तकं?’

‘मी विचार केला मराठी धरायची का. मग नाही धरली. मला वाचताच येत नाहीत.’

ती सहज म्हणाली आणि फ्रिज उघडला. पुस्तकांचा प्रश्न विचारतात तो घरातलं वातावरण मोजायला. अभ्यासक त्यावरून मुलांची परिस्थिती ठरवतात. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी कपाटासमोर उभी राहून मोजली. डच आणि इंग्रजी मिळून ३९. मराठी ११२, त्यातली निम्मी लातूरहून सुटकेसमध्ये कपड्यांऐवजी आणलेली, प्रत्येक खेपेला वजनावरून नवऱ्याशी भांडून. मराठी धरली तर खूण १०१ ते २०० च्या चौकोनात. नाही धरली तर २६ ते १००. मी एका चौकोनाने खाली आले होते.

ग्रुपवर दादा-वहिनींचं अजून चालूच होतं. मी शेवटी लिहिलं, ‘दोघांचंही बरोबर आहे,’ आणि दोघांनीही अंगठा दिला नाही.

रविवारी अकराला त्याचा फोन आला. ‘नुसता वेग नाही गं बाई, दिशा बी लागती,’ असं काहीतरी तो सांगत होता आणि लेक ‘हो मामा, हो मामा’ करत वहीत बाण काढत होती. फोन उभा टेकवायला तिला खाली दोनतीन जाड पुस्तकं लागतात. ती मराठीच घेते. डच सगळी पातळ आहेत, घसरतात.