‘एवढी यानं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन: दोन यानांवरून गॅमा किरण स्फोटाची (म्हणजे दूर अवकाशातून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या झोताची) जागा कळते हे माझ्या लेखातलं विधान चूक आहे, आणि असे स्फोट टिपणारा एकटा स्विफ्ट उपग्रह मिनिटभरात जागा सांगतो, तर लांबलांबच्या यानांना स्फोट कधी दिसला त्या वेळा जुळवत बसण्याचं कौतुक आता कशाला?

पहिला आक्षेप मान्य. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे. दोन यानांवरून आकाशात फक्त एक कडं मिळतं, स्फोट त्या कड्यावर कुठेतरी झालेला असतो. तिसऱ्या यानाने दुसरं कडं मिळतं आणि ही दोन कडी दोन ठिकाणी छेदतात. त्यातली खरी जागा निवडायला चौथं यान लागतं, किंवा त्यातली एक जागा तेव्हा पृथ्वीआड होती एवढं तरी एखाद्या उपग्रहाकडून कळावं लागतं.

दुसरं मात्र पटत नाही.

गेल्या दिवाळीत मी पुण्यात एरंडवण्यातल्या गॅलरीत उभा राहून मयूर कॉलनीतल्या मामाशी फोनवर बोलत होतो. त्याच्याकडे सुतळी बॉम्ब फुटला. तो आधी फोनमध्ये ऐकू आला आणि तीनेक सेकंदांनी माझ्या गॅलरीत. आवाजाला किलोमीटरभर जायला तेवढाच वेळ लागतो. दिशा दाखवणारं कुठलंही यंत्र नसताना, नुसत्या वेळेच्या फरकावरून तो बॉम्ब माझ्यापेक्षा मामाला किलोमीटरभर जवळ होता हे कळलं. यानं हेच करतात, फक्त आवाजाच्या जागी प्रकाशाचा वेग.

समजा, दोन यानं ३० कोटी किलोमीटर अंतरावर आहेत. प्रकाशाला ते अंतर कापायला १००० सेकंद लागतात. स्फोट एकाला दुसऱ्याच्या ५०० सेकंद आधी दिसला, तर त्याची दिशा दोघांना जोडणाऱ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करते. वेळ मोजताना एक दशांश सेकंदाची चूक झाली तरी दिशेतली चूक चंद्रबिंबाच्या रुंदीच्या ऐंशीव्या भागाच्या आसपास राहते. तीच यानं १० हजार किलोमीटरवर असती तर प्रकाशाचा सगळा प्रवासच सेकंदाच्या तिसाव्या भागात आटोपला असता आणि तेवढ्या चुकीत काहीच हाती लागलं नसतं. म्हणून लांबची यानं हवीत.

स्विफ्टचं मोल मी कमी लेखत नाही. गॅमा किरण आरशाने एकवटता येत नाहीत, म्हणून तो शिशाच्या तुकड्यांच्या जाळीची सावली वाचून दिशा काढतो. पण एका वेळी त्याच्यासमोर आकाशाचा लहानसा भागच असतो. स्फोट कधी, कुठे होईल हे आधी कुणालाच माहीत नसतं.

१५ एप्रिल २०२० चा स्फोट पाहा. सेकंदाचा जेमतेम सातवा भाग टिकलेला. आधी मंगळाभोवतीच्या मार्स ओडिसी यानाला दिसला, मग साधारण साडेसहा मिनिटांनी पृथ्वीपासून दूर असलेल्या विंड यानाला, आणि आणखी साडेचार सेकंदांनी पृथ्वीजवळच्या फर्मी उपग्रहाला. कडी जुळवल्यावर ती शिल्पकार तारकासमूहातल्या एनजीसी २५३ या दीर्घिकेवर येऊन ठेपली. तिथल्या एका चुंबकताऱ्याचा, म्हणजे प्रचंड चुंबकी क्षेत्र असलेल्या ताऱ्याचा, तो भडका होता. ओडिसीवरच्या ज्या उपकरणाने तो टिपला ते मंगळाच्या जमिनीतलं पाणी शोधायला पाठवलेलं! असं यान घड्याळ नीट ठेवून नोंद करतं एवढ्यावर आपल्याला दुसऱ्या दीर्घिकेतला तारा सापडतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचं सीझेडटीआय उपकरण असे स्फोट टिपतं, त्याच्या माहितीचं काम पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत चालतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला स्फोटामागची रेडिओ झळाळी शोधायची असते, तेव्हा आधी तबकड्या कुठे वळवायच्या हे कुणीतरी सांगावं लागतं.

लेखातलं चित्रही बदललं आहे. आता त्यात एकाऐवजी तीन कडी आहेत. पुन्हा पाहून काही खटकलं तर जरूर लिहा.