जबड्याच्या थ्रीडी स्कॅनबद्दल खुलासा

रत्नागिरी-चिपळूणकडच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘दातांना तारा लावायच्या तर थ्रीडी स्कॅन लागतोच, आणि जबड्याचं ऑपरेशन आता कॉम्प्युटरच करतो.’ दोन्ही चूक. वाकड्या दातांना बहुतेक वेळा नेहमीचे एक्स-रे आणि साचे पुरतात. स्कॅनमध्येही क्ष-किरणच असतात. लहान मुलांचा तो उगाच काढू नका, हे कळकळीने सांगते. सुळा हाडात अडकला असेल किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करायची असेल, तर मात्र तो खरंच उपयोगी पडतो. हाड कुठे कापायचं, किती मिलिमीटर सरकवायचं हे सर्जन आधी कॉम्प्युटरवर ठरवतात. त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची पट्टी छापतात. माझ्या भाचीची मी हातात घेऊन पाहिली: घोड्याच्या नालेच्या आकाराची, वरखाली दातांचे खळगे. ऑपरेशनच्या वेळी दात त्या खळग्यांत बसवून जबडा ठरलेल्या जागी आणतात. हाड कापतात ते सर्जनच.