दीर्घिकांची टक्कर: एका प्रतिक्रियेला उत्तर

दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे आणि वायूचे प्रचंड समूह, एकमेकींवर आदळतात आणि त्यातून तारे व वायूच्या लांब ‘शेपट्या’ सुटतात, या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन. तारे एकमेकांवर आदळतच नाहीत, मग टक्कर कसली? आणि संगणकात आकडे हवे तसे फिरवले की कुठलाही आकार निघतो, म्हणून दीर्घिकांच्या ‘शेपट्या’ हा फोटो पाहून रचलेला अंदाज आहे.

पहिल्यातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर आणि सर्वांत जवळचा तारा ४० लाख कोटी किलोमीटरवर; इतक्या विरळ गर्दीत धक्का लागणार कुणाला? पण वायूचे ढग मात्र खरोखर आदळतात. एकमेकींवर आदळणाऱ्या ‘अँटेना’ नावाच्या दोन दीर्घिकांमध्ये जिथे दोघींच्या चकत्या (ताऱ्यांचे चपटे, फिरते थर) एकमेकींवर आल्या आहेत, तिथेच ताऱ्यांचे प्रचंड नवे गुच्छ जन्मताहेत. आणि आकार बिघडायला स्पर्श लागतच नाही. जवळून जाणाऱ्या पाहुण्या दीर्घिकेची ओढ जवळच्या बाजूवर जास्त, लांबच्या बाजूवर कमी. भरती-ओहोटीचं कारण हेच, आणि शेपट्यांचंही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये दोन दीर्घिकांच्या भेटीचा प्रयोग संगणकाशिवाय केला. प्रत्येक दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या जागी ३७ दिवे. प्रकाशही गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून प्रत्येक जागचा प्रकाश मोजायचा, त्यावरून बल काढायचं, दिवे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. चिकाटी केवढी! १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर लांब शेपट्या दाखवल्या. त्या मनात येईल तशा निघत नाहीत. चकती ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पाहुणी गेली, तर लांब शेपटी सुटते. उलट दिशेने गेली, तर चकती फारशी विस्कटत नाही. शिवाय नुसता आकार जुळून भागत नाही. शेपटीतला वायू कुठे किती वेगाने जातोय हे वर्णपटावरून मोजता येतं, आणि संगणकातल्या प्रतिकृतीतले वेगही त्याच्याशी जुळावे लागतात. आकडे फिरवायची मोकळीक तिथे संपते.

फोटोवरून रचल्याचं म्हणता, तर एम८१ आणि एम८२ या दीर्घिका पाहा. साध्या फोटोत त्या दोन वेगळ्या शेजारणी दिसतात. १९९४ मध्ये रेडिओ दुर्बिणीने त्यांच्यातला हायड्रोजन टिपला, तेव्हा त्या दोघींना आणि एनजीसी ३०७७ या तिसऱ्या दीर्घिकेला जोडणारे वायूचे लांबलचक पट्टे समोर आले. या तिघी कधी एकमेकींजवळून गेल्याच नसतील, तर हा वायू त्यांच्यामधल्या पोकळीत कसा पोचला, हे तुमच्याकडून वाचायला मला मनापासून आवडेल.