क्लाउड ठीक, पण लाइनचं काय?

मेल सर्व्हरचा बॅकअप थेट क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर) ठेवा, बाकी काही लागत नाही, असं तुमच्या मेल बॅकअपवरच्या लेखात म्हटलंय. पुण्या-मुंबईत चालत असेल बाप्पा. आमच्या यवतमाळकडच्या वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या कापूस जिनिंगवाल्यांना विचारा. १० एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवरून २०० जीबीचा डेटाबेस परत उतरवायला ४४ तासांच्या वर लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता! म्हणून एक प्रत जागेवर हवीच. फक्त ती कायम नेटवर्कला जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हरसोबत तिलाही कुलूप लावतं.

दुसरं, एक्स्चेंज सर्व्हरची (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) नुसती ईडीबी फाइल, म्हणजे सगळे मेल असलेली डेटाबेस फाइल, कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदी, १ एमबीच्या फाइलींत साचत जातात, आणि एक्स्चेंजला ओळखणारा बॅकअप नीट पूर्ण झाला तरच ते साफ होतात. नाहीतर डिस्क भरते, डेटाबेस डिसमाउंट होतो, म्हणजे बंद पडतो, आणि ऐन कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांचे मेल बंद. यावर सर्क्युलर लॉगिंग (बॅकअपची वाट न पाहता जुने लॉग आपोआप काढून टाकणं) चालू करा म्हणणारे बरेच भेटतात. जागा वाचते खरी, पण सर्व्हर बसला तर शेवटच्या बॅकअपनंतरचे मेल गेलेच समजा.

एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लेखात यायला हवं होतं. आमच्याकडे अजून तेच चालू आहेत.

लेखकांना एक विचारतो: तुम्ही सुचवलेल्या सॉफ्टवेअरमधून एकट्या मुनीमजींचा मेलबॉक्स परत आणता येतो, की त्यासाठी अख्खा डेटाबेसच उतरवावा लागतो?