उन्हातला काउंट
‘नोस्फेरातू’ या रक्तपिपासू काउंटच्या मूकपटात (१९२२) भर रात्री ऊन दिसतं म्हणून एका लेखात लेखकानं मित्रासोबत खिल्ली उडवलीय. खुशाल उडवा, पण आधी कॉपी तपासा. तेव्हाची फिल्म अंधारात काही टिपण्याइतकी संवेदनशील नव्हती. बाहेरची रात्र दिवसा चित्रित करून प्रिंट निळी रंगवत. स्वस्तातल्या कृष्णधवल कॉपीत तो निळाच गायब! मग काउंट लख्ख उन्हात शवपेटी काखोटीला मारून हिंडतो आणि शेवटी त्याच उन्हानं मरतो. कथेचा पायाच गेला. माणसं तुरुतुरु पळत असतील तर सेकंदाला कमी फ्रेम घेतलेलं चित्रण २४ फ्रेमच्या वेगानं चाललंय. पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या फिल्म आर्काइव्हमध्ये मूकपट बघणाऱ्यांना हे सांगायला नको. साधारण ९४ मिनिटांची, रंगछटा असलेली आवृत्ती लावा. घोडागाडी मात्र मुद्दामच भरधाव सोडलीय, तिला नावं ठेवू नका.