नियमांचा फेरफार

आमच्या खेळात कंपाउंडरचा बुटका पुजारी मरायला टेकला होता. मंत्र संपलेले, कमरेला औषधाची एक बाटली, हातात घण आणि समोर ट्रोल नावाचा राक्षस. प्रश्न एवढाच होता, की बाटली पिऊन त्याच दमात घण मारता येतो का.

नियमांच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे येत नाही. पिणं हेच त्या फेरीतलं तुमचं काम. प्यायलात की गपचूप मार खा. नव्या पुस्तकाप्रमाणे येतो. तिथं पिणं म्हणजे ‘बोनस ॲक्शन’, आपल्या भाषेत वरकाम. डीएपी खताच्या थप्पीवर दोन्ही पुस्तकं उघडी, रात्रीचे साडेअकरा, मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि सगळे माझ्या तोंडाकडं पाहत बसलेले. कारण डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि निकाल देणारा, मी.

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात, कृषी केंद्राच्या गोदामात हे सगळं आणलं तेही मीच. पुण्यात चार वर्षं नोकरी केली. त्यातून शिल्लक काय राहिलं, तर डंजन्स अँड ड्रॅगन्सचं एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा. एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढं न्यायचा हा खेळ अमेरिकेतला, १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी काढलेला. माझं पुस्तक पाचव्या आवृत्तीचं, २०१४ मधलं. त्याला मी शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलंय. मृगाच्या आधी महिनाभर कास्तकाराला उधारी मागायची सोय नसते आणि मला दुसरं काम नसतं, म्हणून आमचा खेळ मे महिन्यात. गॉब्लिनांच्या जागी सरकी, ट्रोलच्या जागी आंब्याची कोय, आणि वीर म्हणजे फवारणीच्या बाटल्यांची झाकणं. धुतलेली.

इतकी वर्षं नियमावर कोणी हरकत घेतली नाही, कारण पुस्तक एकच होतं आणि ते माझ्याकडं होतं. यंदा भाचा पुण्याहून सुटीत आला आणि त्यानं बॅगेतून २०२४ चं पुस्तक काढलं. आवृत्ती तीच, पाचवी, पण सुधारलेली. माझं ३२० पानांचं, त्याचं ३८४.

“मामा, टेन्शन नको घेऊ, जुन्याशी कंपॅटिबल आहे,” तो म्हणाला.

हा शब्द मी दुकानात रोज वापरतो. जुन्या पंपाला नवं नोझल बसतं, असं गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतो. बसतं. फक्त गळतं.

गळती पहिल्याच रात्री लागली. माझ्या पुस्तकात अंगातले वाढीव गुण वंशावरून मिळतात. ऑर्काचं रक्त असेल तर जोर, एल्फ असेल तर चपळाई. नव्यात ‘वंश’ हा शब्दच काढून ‘स्पीशीज’ केलाय, आणि वाढीव गुण माणूस आधी काय करायचा त्यावर लावलेत. मला हे एकदम पटलं. वंशावरून माणूस मोजायची हौस आमच्या गावात पुस्तकाशिवायही भागते. पण त्या भानगडीत मास्तरांचा अर्धा-ऑर्क गेला. नव्या पुस्तकात अख्खा ऑर्क आहे, अर्धा नाही.

“माह्या माणूस कुठी गेला बे?” मास्तरांनी यादी दोनदा बोट फिरवून पाहिली.

“सर, जुन्यातला वापरा ना, चालतो.”

“यादीत नाव नाही आन् चालते? राशनवर देतीन का त्याले?”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी दोन्ही पुस्तकं घेऊन बसलो, डाव्या मांडीवर जुनं, उजव्या मांडीवर नवं, आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने. गिऱ्हाईक नव्हतंच. घामानं जुन्याचं खाकी कव्हर मांडीला चिकटलं, ते सोडवताना नवं खाली पडलं. अशानं तुलना पुढं सरकत होती.

समजा शत्रूनं बेसावध गाठलं. जुनं म्हणतं, पहिल्या पाळीला हलताही येणार नाही. नवं म्हणतं, फक्त कोणाची पाळी आधी हे ठरवताना दोन फासे टाका आणि कमी आकडा धरा. मागच्या रब्बीत हरभऱ्याचं ओलीत करायला मी रात्री दोनला वावरात गेलो होतो, कारण लाइन तेव्हाच असते. तुरीतून रानडुक्कर निघालं. मी पाइप हातात धरून उभा राहिलो. पाणी चपलेवरून वाहत राहिलं, आणि डुकरानं त्याची पाळी, माझी पाळी आणि बहुतेक त्याची पुढचीही पाळी उरकून घेतली. हा रकाना मी जुन्याला दिला.

थकव्याच्या दोन्हीकडं सहा पायऱ्या, सहावीला मरण. नव्यात हिशेब सोपा आहे. दर पायरीला फाशातून दोन वजा आणि चाल पाच फूट कमी. जुन्यात दर पायरीचं दुखणं वेगळं, दुसरीला चाल निम्मी, चौथीला जीव निम्मा, पाचवीला जागचं हलणंच बंद. हे लक्षात राहत नाही म्हणे. मे महिन्यात दारव्ह्याहून दुपारच्या एसटीनं उभ्यानं आलेल्या माणसाला विचारा, त्याला पाचवी पायरी पाठ असते.

कंपाउंडर मात्र नव्यावर फिदा. जखम भरायच्या मंत्राला जुन्यात आठ बाजूंचा एक फासा, नव्यात दोन. “डोस डबल,” तो म्हणाला, आणि जुनं पुस्तक त्यानं पुन्हा हातात धरलं नाही.

तर तिसरी रात्र, ट्रोल आणि बाटली. मला अजून निकाल द्यायचा होता. तेवढ्या वेळात भाच्यानं नव्याचा प्रचार सुरू केला. “मामा, यात फार्मरसुद्धा आहे,” म्हणून तो फार्मरला सुरुवातीला मिळणारं सामान मोठ्यानं वाचायला लागला. इळा, फावडं, लोखंडी गंज म्हणजे पातेलं, सुताराची हत्यारं, मलमपट्टीची पेटी, कपड्यांचा एक जोड आणि सोन्याची तीस नाणी.

“किती?” बाहेरून आवाज आला.

“तीस, आबाजी.”

“सोन्याची?”

“सोन्याची.”

बाज कुरकुरली. भाच्याचे आबाजी, म्हणजे माझे मोठेबाबा, उन्हाळ्यात गोदामाबाहेर झोपतात. गोदाम त्यांचंच आहे. चाळीस वर्षं कोरडवाहू कापूस काढलेला माणूस आत आला, पोत्यावर बसला, चष्मा लावला आणि म्हणाला, “वाच.”

भाच्यानं वाचलं. या फार्मरला ‘टफ’ नावाची देणगी मिळते, दर पातळीला जिवाचे दोन गुण जास्त.

“हे बराबर हाय. नाहीतर मेला असता. आन् तुह्या पुस्तकात?”

माझ्या पुस्तकात फार्मर नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे ‘फोक हीरो’, गावासाठी उभा ठाकलेला साधा माणूस. त्याच्याकडं फावडं आहे, गंज आहे, इळा नाही आणि नाणी दहा.

“दहा वर्षांत दहाचे तीस,” मोठेबाबा म्हणाले. “कापसाचे नाही झाले.” खरंच नाहीत. लांब धाग्याचा हमीभाव २०१४ ते २०२४ या काळात क्विंटलला ४०५० वरून ७५२१ झाला, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही.

नव्याची सरशी होतेय म्हणून मी माझ्या बाजूनं शेवटचं पान उघडलं. फोक हीरो कोणत्याही खेड्यात गेला, तर साधी माणसं त्याला निजायला जागा देतात, लपवून ठेवतात, शोधत आलेल्याला पत्ता लागू देत नाहीत. स्वतःचा जीव तेवढा धोक्यात घालत नाहीत. नव्या पुस्तकात हे कलमच काढून टाकलंय.

“काढलं? काहून?”

“आबाजी, त्याच्याऐवजी ती टफवाली देणगी दिली ना.”

मोठेबाबांनी चष्मा काढून पुसला. “अबे, पाहुण्याले बाज देनं काढून टाकलं, मंग त्या गावात रायते कोन?”

भाचा पान उलटून पाहायला लागला.

“मले घ्या खेळात,” मोठेबाबा म्हणाले. “तीस नाणी ह्याच्या पुस्तकातली. आन् बाज तुह्या पुस्तकातली.”

“मोठेबाबा, असं दोन्हीकडचं घेता येत नाही. एका सातबाऱ्यावर…”

“गोदाम कोनाचं हाय?”

नेमक्या त्याच क्षणी कंपाउंडरनं बाटली पिऊन घण मारून घेतला. फासा पोत्यांच्या फटीत गेला आणि मास्तर बॅटरी लावून ओणवे झाले. मी वहीतल्या दोन रकान्यांमधली रेघ खोडली. मोठेबाबांनी खिशातून तंबाखूच्या डबीचं झाकण काढून पोत्यावर मांडलं आणि आंब्याच्या कोयीकडं बोट केलं.

“आता सांग, हा कोनाच्या वावरात उभा हाय?”