रोबोटला राग आला नव्हता, ते फॉरवर्ड आता पुरे

बुद्धिबळ खेळणाऱ्या रोबोटचा तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय, आणि ह्यावेळी खाली लांबलचक मजकूर चिकटवून. आमच्या मावशीनं तो वाचला आणि नातवाचा रोबोटिक्सचा क्लास बंद करायला लावला, तेही फी भरून झाल्यावर. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डना उत्तर देत बसायला मला वेळ नाही.

मजकुरात चार दावे आहेत. एक, रशियात सात वर्षांच्या पोराकडून आपण हरतोय हे लक्षात आल्यावर रोबोट चिडला आणि त्यानं पोराचं बोट मोडलं. दोन, पोरानं शिस्त मोडली, घाई केली, त्याची शिक्षा मिळाली. तीन, जपानमध्ये चार रोबोटनी २९ शास्त्रज्ञांना मारलं आणि बातमी दाबली गेली. चार, तरी फार घाबरू नका, कारण रोबोट एकदा चुकला की माणूस परत त्याचं ऐकत नाही, देवानं अक्कल दिलीये आपल्याला. (मग क्लास कशाला बंद करायचा, हा प्रश्न मी मावशीला विचारला नाही.)

घटना खरी आहे, ते आधीच सांगतो. जुलै २०२२, मॉस्को ओपन स्पर्धा. टेबलापाशी रोबोटचा हात, समोर मुलगा. हातानं सोंगटी उचलून बाजूला टाकली, त्याची चाल पूर्ण व्हायच्या आत मुलानं आपली सोंगटी पुढे सरकवली, हात परत खाली आला आणि त्याचं बोट दाबून धरलं. आजूबाजूची माणसं धावली, बोट सोडवलं. फ्रॅक्चर झालं, प्लास्टर घातलं, आणि पोरगा प्लास्टर घालून पुढचे डाव खेळला. मॉस्को बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष सर्गेई लाझारेव ह्यांनी तास ह्या वृत्तसंस्थेला जे सांगितलं त्यात हरण्याजिंकण्याचा विषयच नाही. रोबोट आम्ही भाड्यानं आणला होता, चाल केल्यावर रोबोटला वेळ द्यावा लागतो, मुलानं घाई केली, असं ते म्हणाले.

आता राग. मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, वेल्डिंगचे रोबोट रोज बघतो. आम्हीही म्हणतो, आज तीन नंबर रुसलाय. पण असं म्हणून कुणी त्याची समजूत काढत बसत नाही, पॅनल उघडतो आणि सेन्सरची वायर बघतो. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला हरणं म्हणजे एक आकडा खाली जाणं, आणि तो आकडा काढणारा प्रोग्रॅम वेगळा, हात हलवणारा कंट्रोलर वेगळा. हाताला फक्त एवढं कळतं की ह्या घरावर जा, खाली ये, पकड मिट. तिथे लाकडी सोंगटी आहे की पोराचं बोट, हे कळण्यासाठी सेन्सर लावावा लागतो आणि काही अडकलं की थांब असं आधी शिकवावं लागतं. आमच्याकडे ते हात जाळीच्या आत असतात, दार उघडलं की इंटरलॉकनं मशीन बंद पडतं, हे काय आम्ही भित्रे आहोत म्हणून नाही. माणसाशेजारी काम करणारे रोबोट वेगळे येतात, त्यांना कोबॉट म्हणतात, आणि अंगाच्या कुठल्या भागावर किती जोर पडला तर चालेल ह्याचे आकडे आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या १५०६६ नंबरच्या दस्तऐवजात २०१६ पासून छापलेले आहेत. मॉस्कोचा हात बोट सापडल्यावर स्वतः थांबून मागे गेला नाही, लोकांना ते बोट सोडवावं लागलं, हे व्हिडिओत धडधडीत दिसतं. चिडका रोबोट ही गोष्ट भारी वाटते हो, पण ती मानली की ज्यानं तो हात लहान मुलासमोर मांडला त्याला कुणी काही विचारतच नाही.

दुसरा दावा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातनं आलेला नाही, तिकडच्या पदाधिकाऱ्यांनीच तसं म्हटलं होतं. रशियन महासंघाचे उपाध्यक्ष सर्गेई स्मागिन म्हणाले की सुरक्षेचे काही नियम असतात, ते मुलानं मोडले असं दिसतं. सात वर्षांचं पोर! सात वर्षांचं पोर घाई करणार हे सांगायला उपाध्यक्ष कशाला हवा, कुठल्याही अंगणवाडीताई सांगतील. लाझारेवनी निदान एवढं तरी कबूल केलं की ऑपरेटरच्या नजरेतून काहीतरी सुटलं असावं, आणि आईवडील सरकारी वकिलांकडे जायच्या विचारात आहेत हेही त्यांनीच सांगितलं. मशीन चुकलं की सगळ्यात जवळ उभ्या माणसावर ढकलायचं ही जुनी खोड आहे, आमच्या शॉप फ्लोअरवर पण आधी ऑपरेटरला मेमो निघतो आणि मग आठवड्यानं कळतं की मशीनवरचा संरक्षक गार्ड कुणीतरी काढून ठेवला होता. आणि त्याच्यावर "मुलांना शिस्त शिकवा" असा संदेश लिहून आजी-आजोबांना पाठवणाऱ्याला मी काय म्हणू ते इथे लिहिता येत नाही.

चौथा दावा. ह्यात अर्धं खरं आहे, द्यावंच लागेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधल्या डिटव्हॉर्स्ट, सिमन्स आणि मॅसी ह्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की अंदाज सांगणारा प्रोग्रॅम चुकताना बघितला की लोकांचा त्याच्यावरचा विश्वास पटकन उडतो, तसंच चुकणाऱ्या माणसावरचा इतक्या लवकर उडत नाही, आणि प्रोग्रॅम एकूणात माणसापेक्षा बरा असला तरी. ठीक आहे. पण ते निवांत बसून अंदाज बांधायचं काम होतं, पळापळीचं नाही.

पळापळीत काय होतं ते अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठानं २०१६ मध्ये बघितलं. रॉबिनेट, वॅगनर, आयाना हॉवर्ड आणि त्यांची टीम. लोकांना सांगितलं की ह्या रोबोटच्या मागे मीटिंग रूममध्ये जा. रोबोटवर लिहिलेलं होतं की हा आपत्कालीन वाटाड्या आहे. निम्म्या लोकांना त्यानं आधी चुकीच्या खोलीत नेलं, तिथे गोल गोल फिरवलं, मग जागेवर आणलं, म्हणजे ह्याला रस्ता धड माहीत नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग कॉरिडॉरमध्ये खोटा धूर सोडला, अलार्म वाजला. लोक ज्या दारानं आत आले होते त्या दारावर बाहेर जाण्याची पाटी होती. रोबोट दाखवत होता दुसरीकडेच. मुख्य प्रयोगातली २६ च्या २६ माणसं रोबोटच्या मागे गेली. पुढच्या छोट्या प्रयोगात रोबोटनं सामानानं अडवलेल्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे लोक बिचकले, आणि तरी काही जण तिकडेही निघाले. संशोधकांना उलटी काळजी होती, की धुरात लोक रोबोटवर भरवसा ठेवतील का! आता कुणी म्हणेल त्यात बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी होते, हो होते, पण धूर खोटा आहे हे त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं.

ब्रिटनमधल्या हर्टफोर्डशायर विद्यापीठातही साधारण असंच निघालं, तिथल्या एका घरगुती रोबोटनं झाडाच्या कुंडीत संत्र्याचा रस ओता म्हटलं आणि लोकांनी ओतला. ऑस्ट्रियात साल्झबुर्गला तर २०१७ मध्ये असं दिसलं की चुका करणारा छोटा रोबोट लोकांना न चुकणाऱ्यापेक्षा जास्त आवडला. तेव्हा देवानं दिलेल्या अकलेवर सगळा भार टाकू नका. भीती वाटायचीच असेल तर रोबोटच्या रागाची नको, चुकलेलं डोळ्यांनी बघूनही त्याच्या मागे जाणाऱ्या आपल्या पायांची वाटू दे. क्लासमध्ये पोरं काळ्या पट्टीवरून चालणारी बॅटरीची गाडी बनवतात, ती पट्टी सोडून का गेली हे शोधता शोधता त्यांना हेच तर कळतं की मशीन कुठे आणि का चुकतं. ते बंद केलंत तुम्ही.

तिसऱ्या दाव्यावर फार शाई घालवत नाही. २९ शास्त्रज्ञांची गोष्ट लिंडा मोल्टन हाऊ नावाच्या, उडत्या तबकड्यांवर बोलणाऱ्या अमेरिकन बाईंच्या २०१८ मधल्या एका भाषणातली आहे. कंपनीचं नाव नाही, मेलेल्यांची नावं नाहीत, काही नाही. रोबोटमुळे माणसं गेलेली आहेत, ती मात्र खरी आहेत आणि त्यांच्या बातम्या कुणी दाबलेल्या नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकला फोर्डच्या कारखान्यात एक कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला होता, रोबोटच्या हाताचा दणका बसून तो गेला. घरच्यांनी रोबोट बनवणाऱ्या लिटन कंपनीवर केस केली. कोर्टात मुद्दा होता तो सुरक्षेची पुरेशी सोय का नव्हती हा, आणि १९८३ मध्ये ज्युरीनं कंपनीला एक कोटी डॉलर द्यायला लावले.